ऑब्जेक्टच्या ॲरेतला शोध

पीएचपीमध्ये ऑब्जेक्टची ॲरे हाताशी असते आणि एखाद्या प्रॉपर्टीच्या मूल्यावरून तिच्यातला नेमका ऑब्जेक्ट काढायचा असतो. व्यावसायिक प्रणालींवर काम करणाऱ्याला हे रोजच करावे लागते. शाळेच्या शुल्कप्रणालीत विद्यार्थ्यांची यादी असते आणि जनरल रजिस्टर क्रमांकावरून त्यातला एक विद्यार्थी हवा असतो. बँकेच्या खातेउताऱ्यातल्या जमा नोंदी असतात आणि व्यवहार क्रमांकावरून त्या पावत्यांशी जुळवायच्या असतात. काम दोन-चार ओळींचे, म्हणून ते घाईत लिहिले जाते. महिनाअखेरीला ताळमेळ बसत नाही तेव्हा ज्या ओळी पुन्हा उघडून बघाव्या लागतात, त्यांत याच दोन-चार ओळी वारंवार निघतात.

अशा ॲरे बहुधा तीन वाटांनी येतात. पीडीओमार्फत डेटाबेसमधून ओळी आणताना 'फेच_ओबीजे' हा प्रकार निवडला, की प्रत्येक ओळ 'एसटीडीक्लास' या रिकाम्या वर्गाचा ऑब्जेक्ट होऊन येते. दुसऱ्या सेवेकडून आलेला जेसन मजकूर 'जेसन_डिकोड'ला दिला आणि वेगळे काही सांगितले नाही, तर तोही तसाच उलगडतो. तिसरी वाट प्रणालीतच लिहिलेल्या वर्गांची: विद्यार्थी, पावती, हप्ता. त्यांच्या प्रॉपर्टींचे प्रकार आधीच ठरवलेले असतात. शोधाचा कोड तिन्ही ठिकाणी सारखाच दिसतो, पण त्याच्या भरवशात मोठा फरक असतो. पहिल्या दोन वाटांनी आलेल्या ऑब्जेक्टमध्ये हवी ती प्रॉपर्टी असेलच असे नाही, आणि असली तरी तिच्यातला क्रमांक पूर्णांक आहे की स्ट्रिंग, हे कुणीतरी बाहेर ठरवलेले असते. शोध लिहिण्याआधी या ॲरेचा उगम पाहण्याची सवय लागली, तर पुढचा बराच त्रास वाचतो.

नवखा प्रोग्रामर बहुतेक वेळा आधी 'ॲरे_सर्च' किंवा 'इन_ॲरे' वापरून पाहतो. ही फंक्शने ॲरेतल्या संपूर्ण घटकाशी तुलना करतात. ऑब्जेक्टच्या आत डोकावून एखादी प्रॉपर्टी तपासत नाहीत. दोन ऑब्जेक्ट सैल तुलनेने (==) सारखे ठरायला वर्ग एकच आणि सगळ्या प्रॉपर्टी सारख्या असाव्या लागतात; काटेकोर तुलनेत (===) तर दोन्हीकडे तोच एक ऑब्जेक्ट असावा लागतो. त्यामुळे फक्त क्रमांक भरलेला एक नमुना ऑब्जेक्ट बनवून तो शोधायला देण्याची युक्ती चालत नाही, कारण त्याच्या बाकीच्या प्रॉपर्टी रिकाम्या राहतात. याहून धोक्याची गोष्ट वेगळीच आहे. ऑब्जेक्टच्या ॲरेत १ हा पूर्णांक सैल तुलनेने शोधला, तर पीएचपी ऑब्जेक्टचे पूर्णांकात रूपांतर करू पाहते, ते जमत नाही असा इशारा देते, त्या जागी १ धरते आणि सापडल्याचे उत्तर देते. ज्या सर्व्हरवर इशारे कुणी वाचत नाही तिथे ते उत्तर खरे मानून काम पुढे चालू राहते.

सर्वांत साधा आणि आजही सर्वांत विश्वासाचा मार्ग 'फॉरईच' लूपचा. एकेक ऑब्जेक्ट घ्यायचा, प्रॉपर्टी तपासायची, जुळली की थांबायचे. हा लूप स्वतंत्र फंक्शनमध्ये ठेवला तर सापडताक्षणी 'रिटर्न' करता येते, शेवटी 'नल' देता येतो आणि त्या शोधाला एक नावही मिळते. वर्षांनंतर दुसऱ्या कुणी तो वाचला तरी तो कुठे थांबतो आणि काही न सापडल्यास काय देतो, हे समोरच दिसते. जुन्या पीएचपीत याला पर्यायही फारसा नव्हता. नाव नसलेली फंक्शने म्हणजे क्लोजर भाषेत आली ती २००९ सालच्या ५.३ या आवृत्तीत. त्याआधी कॉलबॅक लिहायचा तर फंक्शनचे नाव स्ट्रिंग म्हणून द्यावे लागे, आणि शोधायचे मूल्य त्या फंक्शनपर्यंत पोचवणे हे वेगळेच दुखणे असे.

लूप उघड्यावर, म्हणजे मोठ्या फंक्शनच्या मधोमध लिहिला, की दोन दोष हमखास शिरतात. पहिला 'ब्रेक' राहून जाण्याचा. यादीत जुळणारे दोन असतील तर मग पहिल्याऐवजी शेवटचा हाती लागतो. चाचणीच्या माहितीत प्रत्येक क्रमांक एकदाच असतो, त्यामुळे हे लक्षात येत नाही; शाळा सोडून गेलेला विद्यार्थी परत येतो, त्याची नोंद दुबार होते आणि मगच ते उघड होते. दुसरा दोष याहून खोल आहे. पीएचपीत लूपमधले चल लूप संपल्यावर नाहीसे होत नाही. सापडलेला ऑब्जेक्ट वेगळ्या चलात न ठेवता लूपचेच चल पुढे वापरले, तर काहीही न जुळल्यावर त्या चलात यादीतला शेवटचा ऑब्जेक्ट राहिलेला असतो. मग ज्याचा क्रमांक चुकीचा टंकला गेला त्याची रक्कम यादीतल्या शेवटच्या विद्यार्थ्याच्या खात्यावर चढते. कुठेही इशारा येत नाही, एकूण बेरीज बरोबर दिसते, आणि चूक कळते ती पालक पावती घेऊन दारात उभे राहतात तेव्हा.

क्लोजर आल्यावर 'ॲरे_फिल्टर' वापरणे सुखाचे झाले. २०१९ सालच्या ७.४ आवृत्तीत आलेल्या बाणाच्या फंक्शनांनी ते आणखी आटोपशीर केले, कारण बाहेरचे चल आत आणण्यासाठी 'यूझ' लिहिण्याची गरज संपली. प्रत्येक ऑब्जेक्ट कॉलबॅककडे जातो, होकार मिळाला तो राहतो, नकार मिळाला तो गळतो. सातवीतले सगळे विद्यार्थी, थकबाकी असलेले सगळे हप्ते, अशा अनेकवचनी प्रश्नांना हे फंक्शन शोभते. एकच हवा असताना ते वापरले, तर पहिला सापडल्यानंतरही ते यादीच्या शेवटापर्यंत चालत राहते. लहान यादीत त्याचा वेळ जाणवत नाही. पण वाचणाऱ्याला मात्र एक की अनेक, हा लिहिणाऱ्याचा हेतू कळत नाही, आणि हे नुकसान वेळेच्या नुकसानाहून मोठे आहे.

'ॲरे_फिल्टर'चा जो स्वभाव सर्वांत जास्त लोकांना अडवतो तो म्हणजे मूळ ॲरेतल्या 'की' ते जशाच्या तशा ठेवते. चौदाव्या जागेवरचा ऑब्जेक्ट जुळला तर निकालाच्या ॲरेत तो १३ या 'की'खालीच राहतो. शून्याव्या जागेवरून तो घ्यायला गेले तर 'अशी की नाही' असा इशारा येतो आणि हाती 'नल' पडतो. यावर उपाय सोपा आहे: 'ॲरे_व्हॅल्यूज'मधून निकाल काढून 'की' नव्याने क्रमवार लावायच्या, किंवा 'रीसेट' वापरून पहिला घटक घ्यायचा. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ८.५ आवृत्तीत यासाठी 'ॲरे_फर्स्ट' हे सरळ फंक्शनही आहे.

हाच स्वभाव ब्राउझरशी बोलताना वेगळ्या रूपात पुढे येतो, आणि तिथे तो ओळखायला अनुभव लागतो. 'जेसन_एन्कोड'कडून ज्या ॲरेच्या 'की' शून्यापासून सलग असतात ती जेसनची यादी म्हणून लिहिली जाते. मध्ये खंड पडला की तीच ॲरे जेसनचा ऑब्जेक्ट म्हणून लिहिली जाते. आता यादीतून काही विद्यार्थी गाळले आणि निकाल तसाच पाठवला, तर गळालेले सगळे शेवटचे असतील त्या दिवशी पडद्यावर यादी नीट येते, आणि मधला एखादा गळाला त्या दिवशी पान कोरे दिसते. जावास्क्रिप्ट लिहिणारा म्हणतो सर्व्हरने चुकीचे पाठवले, पीएचपी लिहिणारा म्हणतो माहिती तर पूर्ण गेली आहे, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते. दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, म्हणून तक्रार आली तरी कार्यालयात तो पुन्हा घडवून दाखवता येत नाही. गाळलेली ॲरे बाहेर पाठवण्याआधी तिच्या 'की' सलग करणे, हा नियम प्रत्येक चमूने लिहूनच ठेवावा इतका तो उपयोगी आहे.

पहिला जुळणारा घटक देणारे फंक्शन पीएचपीच्या गाभ्यात यायला फार उशीर झाला. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ साली ही भाषा लोकांपुढे ठेवली. 'ॲरे_फाइंड' आले ते २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, ८.४ आवृत्तीसोबत. जावास्क्रिप्टच्या ॲरेला तशी सोय २०१५ सालच्या प्रमाणकातच मिळाली होती. 'ॲरे_फाइंड' ॲरे आणि कॉलबॅक घेते, पहिला होकार मिळताच थांबते आणि तो घटक परत देते. काहीच जुळले नाही तर 'नल' देते. घटकाऐवजी त्याची 'की' हवी असेल तर 'ॲरे_फाइंड_की' आहे, आणि 'एकतरी आहे का', 'सगळे तसेच आहेत का' या प्रश्नांसाठी 'ॲरे_एनी' व 'ॲरे_ऑल' आहेत. जुन्या आवृत्तीवर अडकलेल्या प्रकल्पांना सिम्फनीच्या पॉलिफिल पॅकेजमधून हीच फंक्शने मिळतात.

या चार फंक्शनांनी एक जुना प्रघातही उघडा पाडला. मधल्या वर्षांत अनेक प्रकल्पांनी 'ॲरे_फाइंड' हेच नाव देऊन स्वतःचे फंक्शन लिहून ठेवले होते, बहुधा 'हेल्पर' नावाच्या फायलीत. नेमस्पेसशिवाय आणि आधी अस्तित्व न तपासता लिहिलेले असे फंक्शन ८.४ वर नेले, की पीएचपी तेच नाव पुन्हा घोषित करता येत नाही असे सांगून तिथेच थांबते. काही ठिकाणी स्वतःच्या फंक्शनात आधी कॉलबॅक आणि मग ॲरे असा उलटा क्रमही असतो, त्यामुळे नुसती फाइल काढून टाकून भागत नाही. आवृत्ती बदलण्याआधी अशा नावांचा धांडोळा घेणे भागच पडते.

'नल' परत मिळणे ही सोय आहे आणि जबाबदारीही. ८.० आवृत्तीतल्या ?-> या चिन्हाने 'नल'वर पाय न घसरता पुढची प्रॉपर्टी मागता येते, पण त्यामुळे न सापडल्याची बातमी गुपचूप पुढे सरकते. शुल्काच्या कामात क्रमांक न सापडणे हा नेहमीचा प्रकार असतो की गंभीर बिघाड, हे त्या त्या जागी ठरवावे लागते. पालक शोधपेटीत क्रमांक टाकत असतील तर न सापडणे साहजिक आहे आणि 'नल' योग्य. पावती तयार होताना विद्यार्थी सापडत नसेल तर तिथे अपवाद फेकून काम थांबवणेच रास्त. चांगल्या कोडमध्ये या दोन शोधांची फंक्शनेही वेगळी असतात: 'शोधा' म्हणजे मिळेल किंवा न मिळेल, आणि 'द्या' म्हणजे मिळालाच पाहिजे.

'ॲरे_कॉलम'चा रस्ता वेगळा आहे. हे फंक्शन २०१३ सालच्या ५.५ मध्ये आले, पण तेव्हा ते केवळ ॲरेंच्या ॲरेवर चाले. ऑब्जेक्टच्या ॲरेवर ते २०१५ अखेरच्या ७.० पासून चालू लागले. प्रत्येक ऑब्जेक्टमधली एक प्रॉपर्टी उचलून ते मूल्यांची सरळ ॲरे देते. त्या ॲरेत 'ॲरे_सर्च' करायचा, जी 'की' मिळेल ती मूळ ॲरेला लावायची, आणि ऑब्जेक्ट हाती. एका ओळीत बसणारी ही जोडी फार लोकप्रिय आहे. तिच्यात तीन खाचखळगे आहेत, आणि तिन्ही माहीत असल्याशिवाय ती वापरू नये.

पहिला खळगा शून्याचा. पहिल्या ठिकाणी सापडल्यास 'ॲरे_सर्च' शून्य देते आणि न सापडल्यास 'फॉल्स'. निकाल नुसता 'इफ'मध्ये टाकला तर पहिला विद्यार्थी कधीच सापडत नाही. आणि न तपासता 'की' म्हणून वापरला तर 'फॉल्स'चे शून्य होऊन न सापडलेल्या प्रत्येकाच्या जागी पहिला विद्यार्थी येतो. म्हणून !== फॉल्स अशी काटेकोर तपासणी हवीच. दुसरा खळगा क्रमांकांचा. 'ॲरे_कॉलम' आपल्या निकालाला शून्यापासून नवे क्रमांक देते. मूळ ॲरे आधी गाळलेली असेल, किंवा काही ऑब्जेक्टमध्ये ती प्रॉपर्टीच नसेल, तर दोन ॲरेंमधल्या जागा जुळत नाहीत, कारण प्रॉपर्टी नसलेले ऑब्जेक्ट ते फंक्शन मुकाट्याने वगळते. सापडलेल्या जागेवर मूळ यादीत भलताच विद्यार्थी उभा असतो. तिसरा खळगा दृश्यतेचा: खाजगी प्रॉपर्टी या फंक्शनला दिसत नाहीत. वर्गात '__गेट' आणि '__इसेट' या दोन्ही पद्धती लिहिलेल्या असल्या तरच त्या उचलता येतात. ज्या वर्गांत प्रॉपर्टी झाकून ठेवलेल्या आणि वाचायला मेथड दिलेल्या असतात, तिथे 'ॲरे_कॉलम' रिकामी ॲरे देते, आणि रिकामी ॲरे ही तांत्रिकदृष्ट्या चूक नसल्यामुळे कुणी काही बोलत नाही.

मात्र याच फंक्शनचा तिसरा आर्ग्युमेंट वापरला तर ते वेगळ्या कामाचे होते. दुसरा आर्ग्युमेंट 'नल' आणि तिसरा प्रॉपर्टीचे नाव असे दिले, की मूल्याच्या ठिकाणी पूर्ण ऑब्जेक्ट आणि 'की'च्या ठिकाणी ती प्रॉपर्टी अशी ॲरे तयार होते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असावी तसा हा इंडेक्स. त्यानंतर शोध हा शोध राहत नाही. क्रमांक दिला की ऑब्जेक्ट मिळतो, कारण पीएचपीची ॲरे मुळात हॅश टेबल आहे.

याचा फरक ताळमेळाच्या कामात दिसतो. विद्यार्थी २,००० आणि बँकेच्या नोंदी ५,००० असतील, आणि प्रत्येक नोंदीसाठी विद्यार्थ्यांच्या यादीवरून लूप फिरत असेल, तर तुलना १ कोटीपर्यंत जाऊ शकतात. इंडेक्स एकदा बांधला तर २,००० वेळा लिहायचे आणि ५,००० वेळा वाचायचे, एवढेच उरते. आतला लूप फंक्शनच्या नावामागे दडलेला असला, की हे लक्षात यायला वेळ लागतो. बाहेरून कोड स्वच्छ दिसतो, प्रत्येक फंक्शन आपापल्या जागी बरोबर असते, आणि तरी जूनमध्ये प्रवेश वाढल्यावर अहवाल निघायला मिनिटे लागू लागतात. एकाच यादीत एकाहून अधिक वेळा शोधायचे असेल तर इंडेक्स बांधावा, असा सरळ नियम ठेवायला हरकत नाही. यादी आणली जाते त्याच ठिकाणी तो बांधला तर उत्तमच.

इंडेक्सला 'की'चे नियम पाळावे लागतात. पूर्णांकासारखी दिसणारी स्ट्रिंग पीएचपी 'की' म्हणून घेताना पूर्णांक करून टाकते. '४११०३०' हा पिनकोड इंग्रजी अंकांत स्ट्रिंग म्हणून दिला तरी 'की' पूर्णांक होते, आणि पुढे त्या 'की'ची स्ट्रिंगशी काटेकोर तुलना केली तर ती फसते. शून्याने सुरू होणारा क्रमांक मात्र स्ट्रिंगच राहतो. त्यामुळे एकाच इंडेक्समध्ये काही 'की' पूर्णांक आणि काही स्ट्रिंग अशी सरमिसळ होते. 'नल'ची 'की' रिकामी स्ट्रिंग होते, म्हणजे क्रमांक न मिळालेले सगळे विद्यार्थी एकाच घरात येतात आणि शेवटचा तेवढा टिकतो. दुबार क्रमांकांचेही तेच. जिथे एकाखाली अनेक येऊ शकतात, उदाहरणार्थ तुकडीनुसार विद्यार्थी, तिथे प्रत्येक 'की'खाली छोटी ॲरे ठेवून गट पाडावेत. जिथे एकच यायला हवा तिथे 'की' आधीच आहे का हे बांधतानाच तपासावे. दुबार नोंद पकडण्याची याहून स्वस्त जागा प्रणालीत दुसरी नसते.

इंडेक्समधले ऑब्जेक्ट प्रती नसतात. २००४ सालच्या पीएचपी ५ पासून चलात ऑब्जेक्टचा हँडल असतो, म्हणून इंडेक्समधून सापडलेल्या विद्यार्थ्याचा पत्ता बदलला तर तो मूळ यादीतही बदलतो. बहुतेकदा हेच हवे असते. पण ज्या प्रॉपर्टीवरून इंडेक्स बांधला तीच बदलली, तर इंडेक्स जुन्या 'की'खालीच त्याला धरून राहतो. वर्षाच्या मध्यात मुलांची तुकडी बदलते. म्हणून तुकडीनुसार पाडलेले गट एका विनंतीपुरते बांधावेत, सांभाळून ठेवू नयेत. बदलू न शकणाऱ्या, म्हणजे ८.१ पासून मिळणाऱ्या 'रीडओन्ली' प्रॉपर्टीवर इंडेक्स असेल तर ही काळजी उरत नाही.

फंक्शन कोणतेही निवडले तरी त्याच्या पोटात एक तुलना असते, आणि खरी गुंतागुंत तिथे आहे. सैल तुलनेत अंकांसारख्या दिसणाऱ्या दोन स्ट्रिंग संख्या म्हणून ताडल्या जातात. त्यामुळे '००१२३' आणि '१२३' इंग्रजी अंकांत लिहिले की सारखे ठरतात, आणि सातवी ई तुकडीतल्या पहिल्या गटाला 'सात ई एक' असा संकेत रोमन लिपीत दिला असेल, तर तो घातांकाची संख्या समजला जाऊन ७० शी जुळतो. ८.० आवृत्तीने शून्य आणि कोणताही शब्द सारखे ठरवणारा जुना विक्षिप्तपणा काढला, पण दोन्ही बाजूंना अंकवजा स्ट्रिंग असतील तर वागणूक पूर्वीचीच आहे. म्हणून काटेकोर तुलना हा पाया धरावा.

काटेकोर तुलना लावली की दुसरी अडचण डोके वर काढते: प्रकार. पीडीओच्या मायएसक्यूएल ड्रायव्हरमध्ये नेहमीच्या अनुकरणी प्रिपेअर पद्धतीत पूर्णांक स्ट्रिंग होऊन येत असत, ८.१ पासून ते पूर्णांक म्हणूनच येतात. फॉर्ममधून आलेला क्रमांक मात्र नेहमीच स्ट्रिंग असतो. म्हणजे ८.० वर डेटाबेस आणि फॉर्म दोन्हीकडून स्ट्रिंग येत असल्याने जो काटेकोर शोध चालत होता, तो ८.१ वर गेल्यावर एकही ऑब्जेक्ट देईनासा होतो, आणि कोडमध्ये तर एक अक्षरही बदललेले नसते. यावर तुलनेच्या जागी रूपांतर करत बसणे हा तात्पुरता उपाय. टिकाऊ उपाय म्हणजे बाहेरून माहिती आत येते तिथेच तिला प्रकार द्यायचा. रजिस्टर क्रमांकावर कधी बेरीज-वजाबाकी होत नाही. तो स्ट्रिंगच असावा, सर्वत्र. तारखांचे उलटे आहे: दोन 'डेटटाइम' ऑब्जेक्ट एकाच क्षणाचे असले तरी काटेकोर तुलनेत वेगळे ठरतात, कारण ते दोन स्वतंत्र ऑब्जेक्ट असतात. तिथे सैल तुलनाच बरोबर. ती क्षणांची तुलना करते.

मराठी मजकुरावर शोध घेताना काटेकोर तुलनेच्याही पलीकडचा प्रश्न येतो. पीएचपीची स्ट्रिंग म्हणजे बाइट्सची रांग. पडद्यावर एकसारखी दिसणारी दोन नावे वेगळ्या बाइट्सची असू शकतात. 'ऱ' हे अक्षर एका संकेतांकाने लिहिता येते, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. 'इंटल' विस्तारातला 'नॉर्मलायझर' हे दोन प्रकार एकरूप करतो. पण 'गोऱ्हे' या आडनावातला अर्धा र काही कळफलक 'ऱ' आणि हलन्ताने लिहितात, काही 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक यांनी. हे दोन प्रकार नॉर्मलायझर एक करत नाही. 'ॲ'चेही तसेच. एका संकेतांकाचा 'ॲ' आणि 'अ'वर चंद्र देऊन केलेला 'अॅ' हे युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य नाहीत. शिवाय देवनागरी अंकांत टंकलेला पिनकोड पीएचपीला अंक वाटत नाही, आणि एक्सेलमधून चिकटवलेल्या नावामागे येणारी न तुटणारी मोकळी जागा साध्या 'ट्रिम'ने जात नाही.

म्हणून नावावरून शोध घ्यायचा असेल तर प्रत्येक नावाचे एक शोधरूप करून ठेवावे. नॉर्मलायझर चालवून, न दिसणारे जोडक ठरलेल्या एका पद्धतीला आणून, अंक एका लिपीत करून, कडेच्या जागा काढून तयार झालेली ही वेगळी प्रॉपर्टी. दाखवायचे नाव माणसाने लिहिले तसेच राहते. जुळवायचे ते शोधरूपाशी. शोधपेटीतला मजकूरही त्याच फंक्शनमधून जायला हवा, नाहीतर सगळी मेहनत एका बाजूला पडून राहते. मराठी नावांच्या याद्यांवर काम करणाऱ्या प्रत्येक प्रणालीला ही पायरी लागते, आणि ती परभाषेतल्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. ती आपल्यालाच लिहावी लागते.

वारंवार शोध लिहिणे टाळण्यासाठी प्रॉपर्टीचे नाव स्ट्रिंग म्हणून घेणारे सर्वसाधारण फंक्शन लिहिण्याचा मोह होतो: यादी, प्रॉपर्टीचे नाव, मूल्य. ते दिसायला चांगले असते, पण उद्या वर्गातली प्रॉपर्टी दुसऱ्या नावाने आली की स्ट्रिंगमधले जुने नाव तसेच मागे राहते. संपादक ते बदलत नाही आणि पीएचपीस्टॅनसारखे तपासनीसही तिथे बहुधा हतबल असतात. नसलेली प्रॉपर्टी वाचली तर ८.० पासून इशारा येतो आणि मूल्य 'नल' मिळते. तुलना सैल असेल तर 'नल' हा शून्याशी आणि रिकाम्या स्ट्रिंगशीही जुळतो. अशा फंक्शनला रिकामे मूल्य दिले तर प्रॉपर्टी नसलेला पहिलाच ऑब्जेक्ट सापडतो. बाणाचे छोटे फंक्शन दरवेळी लिहावे लागले तरी त्यात प्रॉपर्टी खऱ्या नावाने येते, आणि हा फायदा चार अक्षरे वाचवण्यापेक्षा मोठा आहे. लारावेलच्या कलेक्शनमधले 'फर्स्टव्हेअर' आणि 'व्हेअर' सोयीचे आहेत, पण 'व्हेअर'ची तुलना सैल असते हे ध्यानात ठेवावे. काटेकोर हवी असेल तर 'व्हेअरस्ट्रिक्ट' वेगळे दिले आहे.

शोध पीएचपीत घ्यावा की डेटाबेसवर सोपवावा, हाही निर्णय असतो. एका विद्यार्थ्यासाठी २,००० ऑब्जेक्ट बांधून त्यांतला एक ठेवणे हा अपव्यय आहे. तिथे क्वेरीतच अट घालावी. उलट ५,००० नोंदींच्या लूपमध्ये प्रत्येक वेळी क्वेरी पाठवणे त्याहून वाईट. तिथे यादी एकदा आणून इंडेक्स बांधावा. मात्र दोन्हीकडे 'सारखे'पणाचे नियम निराळे असतात. मायएसक्यूएलची नेहमीची कोलेशन रोमन अक्षरांचे लहान-मोठेपण मानत नाहीत, त्यामुळे जो ईमेल डेटाबेसला सापडतो तो पीएचपीच्या काटेकोर तुलनेला सापडत नाही. शोध एका बाजूकडून दुसरीकडे हलवताना हे तपासून पाहावे लागते.

आणि काही याद्या ॲरे नसतातच. काही लाख ओळींचा खातेउतारा जनरेटरमधून एकेक ऑब्जेक्ट करून येतो, म्हणजे स्मृतीवर ताण येत नाही. 'ॲरे_फिल्टर', 'ॲरे_कॉलम' आणि 'ॲरे_फाइंड' यांना ॲरेच लागते. जनरेटर दिला तर ती प्रकाराची चूक सांगून थांबतात. 'इटरेटर_टू_ॲरे'ने त्याची ॲरे करता येते, पण मग जनरेटरचा मूळ हेतूच संपतो. गाळायचे असेल तर 'कॉलबॅकफिल्टरइटरेटर' हा वर्ग आहे. पहिला जुळणारा हवा असेल तर 'फॉरईच' आणि 'रिटर्न' पुरेसे आहेत. जुळणारी नोंद मिळाली की उरलेली फाइल वाचलीही जात नाही.